सूर्याच्या वेगवान कणांवर सहा दिशांनी लक्ष : ‘आदित्य-एल१’वरील ‘स्टेप्स’ उपकरण

म्हैसूर : मे २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात, २००३ नंतरचे सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ पृथ्वीवर येऊन थडकले. त्या वेळी कर्नाटकाच्या म्हैसूर विभागातील हासन येथील मुख्य नियंत्रण केंद्राने एक छोटीशी खबरदारी घेतली. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे (इस्रो) हे केंद्र देशाच्या भूस्थिर उपग्रहांचे संचालन करते. हवामानाची निरीक्षणे घेणाऱ्या ‘इन्सॅट-३डीएस’ या उपग्रहावरील स्टार सेन्सर त्या काळात बंद ठेवण्यात आला. ताऱ्यांची चित्रे घेऊन त्यांवरून उपग्रहाची दिशा ठरविणे, हे या सेन्सरचे काम. वेगवान कण त्याच्यावर आदळला की चित्रात एक पांढरा ठिपका उमटतो आणि यंत्रणा त्याला तारा समजू शकते. दिशा चुकलेला उपग्रह आपली अँटेना पृथ्वीकडे आणि सौरपट्ट्या सूर्याकडे रोखून धरू शकत नाही. त्या वादळात भारताच्या भूस्थिर उपग्रहांत मोठा बिघाड झाला नाही. तरीही लडाखमधील हानले येथून आकाशात तांबडी प्रभा दिसावी, इतका त्याचा आवाका मोठा होता.

हे वादळ येत असताना पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर भारताचेच एक उपकरण सूर्याकडून आलेले ऊर्जावान कण मोजत होते. ‘सुप्राथर्मल अँड एनर्जेटिक पार्टिकल स्पेक्ट्रोमीटर’ हे त्याचे पूर्ण नाव. व्यवहारात ते ‘स्टेप्स’ म्हणून ओळखले जाते. ‘आदित्य-एल१’ या यानावरील सात वैज्ञानिक उपकरणांपैकी ‘अ‍ॅस्पेक्स’चा ते एक भाग आहे. वादळाच्या काळात अ‍ॅस्पेक्सने सौरवाऱ्याचा वाढलेला वेग, त्याचे वाढलेले तापमान आणि ऊर्जावान आयनांच्या संख्येतील वाढ नोंदविल्याचे इस्रोने त्याच महिन्यात जाहीर केले. या उपकरणाची रचना, त्याची क्षमता, तिच्या मर्यादा आणि म्हैसूरच्या परिसराशी जोडलेली त्याची पूर्वपीठिका यांचा हा संदर्भ.

उपकरण आणि त्याचा प्रवास

‘आदित्य-एल१’चे प्रक्षेपण २ सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी ११ वाजून ५० मिनिटांनी श्रीहरिकोटा येथून ‘पीएसएलव्ही-सी५७’ या प्रक्षेपकाद्वारे झाले. पृथ्वीभोवतीच्या कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवीत यान १९ सप्टेंबरच्या पहाटे एल१ बिंदूच्या मार्गाला लागले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी तेथील प्रभामंडल कक्षेत, म्हणजे ज्या कक्षेला ‘हॅलो ऑर्बिट’ म्हणतात तीत, स्थिरावले. सूर्य आणि पृथ्वी यांच्या गुरुत्वाकर्षणाचा मेळ या बिंदूपाशी असा बसतो की तेथील यान पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहते. १५ लाख किलोमीटर हे अंतर ऐकताना मोठे वाटते. पण सूर्य-पृथ्वी अंतराचा तो जेमतेम शंभरावा हिस्सा आहे. यान सूर्याजवळ गेले आहे, असा जो समज वारंवार आढळतो, तो त्यामुळे दुरुस्त करून घेतला पाहिजे.

स्टेप्स त्याआधीच कामाला लागले होते. १० सप्टेंबर २०२३ रोजी, यान पृथ्वीपासून ५० हजार किलोमीटरहून अधिक दूर असताना, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या आठ पटींहून जास्त अंतरावर, ते सुरू करण्यात आले. यानावरील वैज्ञानिक माहितीचा पहिला ओघ याच उपकरणाकडून आला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने (पीआरएल) ते इस्रोच्या तेथील अवकाश उपयोजन केंद्राच्या साहाय्याने विकसित केले. अ‍ॅस्पेक्सचा दुसरा भाग ‘स्विस’ हा सौरवाऱ्यातील तुलनेने मंद आयन मोजतो. तो २ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला.

या दोन भागांतील श्रमविभागणी समजली की स्टेप्सचे प्रयोजन स्पष्ट होते. सौरवारा सतत वाहत असतो. त्याचा नेहमीचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर असतो आणि त्या वेगाच्या प्रोटॉनची ऊर्जा एक किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास भरते. स्टेप्स मोजणीला सुरुवात करते ती दर न्यूक्लिऑनमागे २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपासून आणि थांबते ५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी. वेगाच्या भाषेत सांगायचे तर, सेकंदाला सुमारे दोन हजार किलोमीटरपासून ३१ हजार किलोमीटरपर्यंत धावणारे कण त्याच्या कक्षेत येतात. याखेरीज एक मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉनही ते टिपते. सौरवाऱ्याहून वेगवान, पण पुरते ऊर्जावान न झालेल्या मधल्या कणांना ‘सुप्राथर्मल’ म्हणतात, आणि उपकरणाच्या नावात त्यांना पहिले स्थान मिळाले आहे ते उगाच नव्हे. त्याचे कारण पुढे येईल.

कण मोजला जातो तो कसा

स्टेप्सच्या केंद्रस्थानी सिलिकॉनचे संवेदक आहेत. वेगवान आयन सिलिकॉनमध्ये शिरला की वाटेतील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे करीत जातो. असा एक इलेक्ट्रॉन सुटा करण्यास सरासरी ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्ची पडतात. त्यामुळे २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा कण थांबेपर्यंत सुमारे साडेपाच हजार, तर एक मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा कण पावणेतीन लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन मोकळे करतो. हा विद्युतभार गोळा करून मोजला की कणाची ऊर्जा कळते. एकेका कणाचा असा स्वतंत्र जमाखर्च ठेवला जातो. सर्वांची सरासरी काढून काम भागत नाही.

तत्त्व साधे असले तरी आचरणात दोन टोकांच्या अडचणी आहेत. खालच्या टोकाला, २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन सिलिकॉनमध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी खोलीवर थांबतो. संवेदकाच्या पृष्ठावरील निष्क्रिय थर किंवा धातूचा मुलामा जरा जाड झाला, तर कण आत पोहोचण्याआधीच संपतो. मुलामा अजिबात नको, असेही म्हणता येत नाही. सौरपट्टी ज्या सिलिकॉनची बनते त्याच सिलिकॉनचा हा संवेदक. सूर्याकडे तोंड करून उघडा ठेवला तर प्रकाशानेच तो आंधळा होईल. प्रकाश अडवावा आणि मंद कण मात्र जाऊ द्यावा, अशा एका पातळ पडद्याच्या हिशेबात या जातीच्या उपकरणांचे बरेचसे कौशल्य खर्च होते. शिवाय सिलिकॉन तापले की त्यातून कणाविनाही विद्युत्प्रवाह झिरपू लागतो आणि क्षीण नोंदी त्या गोंगाटात बुडतात, म्हणून तापमानही आवाक्यात ठेवावे लागते.

वरच्या टोकाला अडचण उलटी होते. अधिक ऊर्जेचा कण पातळ सिलिकॉन भेदून आरपार जातो. त्याला गाठण्यासाठी मागे सिंटिलेटर ठेवला जातो. कण शिरताच क्षणभर चमकणारा हा पदार्थ. ती चमक सिलिकॉनचेच प्रकाशगुणक मोजतात. पुढच्या थरात कणाने किती ऊर्जा टाकली आणि मागच्यात किती, या दोन आकड्यांच्या जोडीवरून तो हलका की जड याचाही अंदाज बांधता येतो, कारण समान वेगाचा हेलियमचा केंद्रक प्रोटॉनपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा वाटेत सांडतो.

सहा खिडक्या कशासाठी?

स्टेप्समध्ये सहा संवेदक-घटक असून प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला आहे. एक थेट सूर्याकडे पाहतो. दुसरा ‘पार्कर सर्पिला’च्या दिशेने रोखलेला आहे आणि तिसरा या दोहोंच्या मध्ये. चौथा पृथ्वीकडे वळलेला आहे. उरलेले दोन पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाला लंब, म्हणजे उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे पाहतात.

यांतील दुसरी दिशा सामान्य वाचकाला बुचकळ्यात टाकणारी आहे. सूर्याचे कण मोजायचे तर सूर्याकडेच पाहावे, हे सहज सुचते. पण विद्युतभारित कण सरळ रेषेत येत नाहीत. ते चुंबकीय क्षेत्ररेषांभोवती गिरक्या घेत त्यांच्या वाटेने येतात. सूर्य स्वतःभोवती फिरत असतानाच सौरवारा या रेषांना बाहेर ओढून नेतो, त्यामुळे फिरत्या कारंज्यातून उडणाऱ्या पाण्याच्या धारेसारखा त्यांना बाक येतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये हे गणिताने मांडले आणि ती सर्पिल रेषा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पृथ्वीच्या अंतरावर पोहोचेपर्यंत ती सूर्याच्या दिशेपासून सुमारे ४५ अंशांनी कललेली असते. परिणामी एखाद्या सौरस्फोटाचे पहिले कण सूर्याच्या बिंबाकडून येतच नाहीत. ते बाजूने येतात. पुढे अवकाशातील चुंबकीय क्षेत्राच्या लहानमोठ्या सुरकुत्यांवर आपटून ते विखुरतात आणि काही तासांनी सर्व दिशांनी सारख्याच संख्येने येऊ लागतात. एका दिशेकडून सर्व दिशांकडे होणारा हा बदल किती वेळात झाला, यावरून मधल्या वाटेची अवस्था कळते. एकाच खिडकीच्या उपकरणाला हे सांगणे शक्य नसते.

पृथ्वीकडे पाहणाऱ्या खिडकीचे काम हिशेबनिसाचे आहे. सौरवारा पृथ्वीच्या चुंबकीय आवरणावर आदळतो तेथेही कणांना वेग मिळतो आणि त्यांतील काही उलट दिशेने एल१पर्यंत पोहोचतात. ते सूर्याच्या खात्यावर जमा होऊ नयेत, यासाठी त्यांची वेगळी मोजणी आवश्यक ठरते.

इशाऱ्याचे गणित

अशा उपकरणाविषयी बोलताना ‘पूर्वसूचना’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. तो थोडा आवळून पाहिला पाहिजे.

सूर्यावर मोठा स्फोट झाला की तीन गोष्टी तीन वेगांनी निघतात. प्रकाश आणि क्ष-किरण आठ मिनिटे वीस सेकंदांत पोहोचतात. प्रभामंडलातून उसळलेला चुंबकित वायूचा मेघ, ज्याला ‘कोरोनल मास इजेक्शन’ म्हणतात, एक ते तीन दिवस घेतो. भूचुंबकीय वादळ तो आणतो. ऊर्जावान कण या दोहोंच्या मध्ये येतात. सर्पिल वाटेने शंभर मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनला साधारण २३ मिनिटे, तर दहा मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनला सुमारे ७० मिनिटे लागतात.

एल१ बिंदू मेघाच्या बाबतीत चांगला पहारेकरी आहे. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाचा वारा तेथून पृथ्वीवर यायला तासभर लागतो, दुप्पट वेगाचा असेल तर अर्धा तास. वीजवाहिन्या आणि उपग्रह सांभाळणाऱ्यांना तेवढा अवधी उपयोगी पडतो. शंभर मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन मात्र हेच अंतर बारा सेकंदांच्या आसपास कापतो. एल१वर त्याची नोंद होऊन ती रेडिओने पृथ्वीवर येईतो तो स्वतःच दारात उभा असतो. आंतरराष्ट्रीय व्यवहारात वापरली जाणारी अमेरिकेची ‘सौर प्रारण वादळा’ची पाच पायऱ्यांची मोजपट्टी दहा मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक ऊर्जेच्या कणांवर आधारलेली आहे, आणि स्टेप्सची आयन-मोजणी ५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी थांबते. म्हणजे या अर्थाने स्टेप्स ही धोक्याची घंटा नाही. तिला तसे संबोधणे उपकरणावरही अन्याय करणारे आहे.

मग तिचे मोल कशात आहे? एक भाग मेघाशी निगडित आहे. वेगवान मेघाच्या पुढे एक आघात-तरंग चालत असतो आणि तो आपल्या समोरच्या कणांना सतत वेग देत असतो. हे कमी ऊर्जेचे कण तरंगाच्या आधी काही तास एल१वर वाढू लागतात आणि तो ओलांडून जाताना कळसाला पोहोचतात. नेमकी ही ऊर्जा स्टेप्सच्या पट्ट्यात येते. इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा हलके, म्हणून अधिक चपळ. त्यांची वाढ आधी दिसते. युरोप आणि अमेरिका यांच्या ‘सोहो’ यानावरील इलेक्ट्रॉन-नोंदींवरून प्रोटॉनांचा अंदाज काही मिनिटे ते तासभर आधी बांधण्याची पद्धत गेल्या दोन दशकांत विकसित झाली आहे.

दुसरा भाग अधिक मूलभूत आहे, आणि उपकरणाच्या नावातील ‘सुप्राथर्मल’ शब्दाशी तो जोडलेला आहे. सारख्याच वेगाच्या दोन मेघांपैकी एक हजारपट कण उधळतो आणि दुसरा जवळजवळ काहीच नाही, असे का घडते, हा या क्षेत्रातील जुना आणि त्रासदायक प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा एक धागा असा की आघात-तरंग संथ सौरवाऱ्यातून कण सहजासहजी उचलू शकत नाही. आधीच थोडा वेग असलेले कण त्याला लागतात. दुधाचे दही व्हायला विरजण लागते, तसेच काहीसे. आधीच्या लहान सौरज्वालांचे उरलेले कण, पूर्वीच्या मेघांनी मागे सोडलेले कण, वेगवान आणि मंद वाऱ्यांच्या टकरीतून निघालेले कण, हे सारे ते विरजण. अवकाशात आज ते किती आहे हे माहीत असेल, तर उद्याचा मेघ किती घातक ठरेल याचा अंदाज सुधारू शकतो. म्हणूनच शांत दिवसांची, बातमीत न येणारी मोजणी स्टेप्ससाठी वादळाच्या मोजणीइतकीच मोलाची आहे.

धोका काल्पनिक नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये, ‘अपोलो-१६’ परतल्यानंतर आणि ‘अपोलो-१७’ निघण्यापूर्वी, सूर्याने कणांचा जो मारा केला त्या वेळी चंद्रावर कोणी असते तर त्याच्या जिवावर बेतले असते, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसते. ऑक्टोबर २००३ च्या वादळात मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स ओडिसी’ या यानावरील प्रारण मोजणारे उपकरणच निकामी झाले. मोजायला गेलेल्यावरच घाव पडावा, याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टारलिंक’चे ३८ उपग्रह गमावले गेले, त्याचे उदाहरणही अनेकदा याच संदर्भात दिले जाते, मात्र तेथे कारण वेगळे होते. भूचुंबकीय वादळाने तापून फुगलेल्या वातावरणाच्या घर्षणामुळे ते खाली आले. ऊर्जावान कणांचा त्यात हात नव्हता.

म्हैसूर संस्थानातील सुरुवात

भारतात या विषयाचा पाया म्हैसूर संस्थानात घातला गेला. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था संस्थानाने दिलेल्या जमिनीवर उभी राहिली होती. दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने परदेशी परतू न शकलेले होमी भाभा आणि विक्रम साराभाई हे दोघेही तेथे आले. सर चंद्रशेखर वेंकट रमण त्या वेळी तेथे होते. विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान कण, हा दोघांचाही विषय. त्याच काळात, फेब्रुवारी-मार्च १९४२ मध्ये, अमेरिकी शास्त्रज्ञ स्कॉट फोर्बुश यांच्या जमिनीवरील उपकरणांनी विश्वकिरणांत अचानक वाढ नोंदविली आणि सूर्यही असे कण पाठवितो, हे पुढे त्यांतून सिद्ध झाले. भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम बंगळुरूतच सुरू झाले आणि त्याच वर्षी ती मुंबईला हलली. साराभाईंनी १९४७ मध्ये अहमदाबादला भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. स्टेप्स घडले ते याच प्रयोगशाळेत.

साराभाईंच्या विद्यार्थ्यांपैकी उडुपी रामचंद्र राव यांचे नाव येथे विशेषत्वाने घ्यावे लागते. उडुपीजवळच्या अदमारू गावी १० मार्च १९३२ रोजी जन्मलेले राव पुढे ‘आर्यभट्ट’ उपग्रहाचे शिल्पकार आणि इस्रोचे अध्यक्ष म्हणून ओळखले गेले. त्याआधीचे त्यांचे काम तितके परिचित नाही. अमेरिकेत असताना ‘मरिनर-२’ यानाच्या माहितीवरून सौरवारा अखंड वाहतो हे प्रस्थापित करण्यात त्यांचा सहभाग होता. नंतर डॅलस येथे त्यांनी बार्टली आणि मॅक्रॅकन यांच्यासह ‘पायोनियर’ मालिकेतील यानांसाठी कणमापक तयार केले. त्यांतील ‘पायोनियर-६’ १६ डिसेंबर १९६५ रोजी सूर्याभोवतीच्या कक्षेत निघाले.

त्या उपकरणाचा प्रश्न आणि स्टेप्सचा प्रश्न एकच आहे : कण कोणत्या दिशेने आला? फक्त उत्तर काढण्याची रीत वेगळी होती. पायोनियर-६ स्वतःभोवती मिनिटाला सुमारे साठ गिरक्या घेत असे, त्यामुळे एकच संवेदक क्रमाक्रमाने चारही बाजूंना फिरे आणि एका गिरकीचे चार भाग पाडून प्रत्येकातील कण वेगळे मोजले जात. सौरस्फोटाच्या आरंभी कण चुंबकीय रेषांच्या दिशेने दाटून येतात, हे त्या मोजणीतून ठळकपणे दिसले. ‘आदित्य’ला असे फिरता येत नाही. सूर्याची चित्रे घेणारी उपकरणे त्यावर असल्याने यान तिन्ही अक्षांवर स्थिर धरलेले असते. म्हणून फिरत्या एका खिडकीच्या जागी सहा स्थिर खिडक्या आल्या. १९६६ मध्ये राव अहमदाबादला परतले. २००८ मध्ये ‘आदित्य’ची कल्पना ज्या सल्लागार समितीत पुढे आली तिचे ते अध्यक्ष होते. मूळ योजना पृथ्वीपासून ८०० किलोमीटर उंचीवरील, एकाच उपकरणाच्या छोट्या उपग्रहाची होती. तीच टिकली असती तर सूर्याचे कण पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाबाहेर मोजण्याचा हा प्रयोग शक्यच झाला नसता. राव यांचे २४ जुलै २०१७ रोजी बंगळुरू येथे निधन झाले.

या परंपरेतील मुंबईचा टप्पा ‘अनुराधा’ नावाचा आहे. २९ एप्रिल १९८५ रोजी ‘चॅलेंजर’ अंतराळयानातून ‘स्पेसलॅब-३’ मोहिमेवर हे भारतीय उपकरण गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुकुमार बिस्वास यांच्या नेतृत्वाखालील या प्रयोगात अहमदाबादची प्रयोगशाळाही सहभागी होती. त्या वेळी मुंबईच्या संस्थेचे संचालकपद बी. व्ही. श्रीकांतन यांच्याकडे होते. म्हैसूरजवळच्या नंजनगुडचे श्रीकांतन हे स्वतः विश्वकिरणांचे अभ्यासक. कोलारच्या सोन्याच्या खाणींत खोलवर केलेल्या प्रयोगांतून त्यांची कारकीर्द घडली होती.

‘अनुराधा’त सिलिकॉन नव्हते की विद्युतमोजणी नव्हती. एका विशिष्ट प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांची चळत हाच तिचा संवेदक. कण आरपार गेला की प्लॅस्टिकमध्ये सूक्ष्म इजा होते. यान परतल्यावर ते पत्रे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवले की इजेच्या जागी खळगा पडतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतो. पण प्लॅस्टिकला वेळ कळत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी वरची चळत स्थिर ठेवून खालची अगदी हळूहळू फिरविली जाई. दोन्ही चळतींतील माग एकमेकांपासून किती सरकले आहेत, यावरून कण कधी आला हे काढता येई, आणि त्या क्षणी यान पृथ्वीच्या कोणत्या भागावर होते हेही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र येथे चाळणीचे काम करी. सर्व इलेक्ट्रॉन गमावलेला केंद्रक त्या जागी पोहोचूच शकत नसेल, तर तेथे सापडलेल्या कणाजवळ काही इलेक्ट्रॉन शिल्लक असलेच पाहिजेत, असा तो युक्तिवाद. कणाचा विद्युतभार अशा आडवाटेने मोजण्याची ही युक्ती आजही अभ्यासकांना मोहविते.

नोंदी आणि त्यांचा वापर

‘आदित्य’ची माहिती बंगळुरू-म्हैसूर महामार्गापासून आत असलेल्या ब्यालाळू येथील ३२ आणि १८ मीटर व्यासाच्या अँटेनांवर उतरते, युरोपीय अंतराळ संस्थेच्या केंद्रांचेही मोहिमेला साहाय्य लाभले आहे. प्रभामंडल कक्षेतील पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर, ६ जानेवारी २०२५ रोजी, इस्रोने वैज्ञानिक माहितीचा पहिला संच ‘प्रदान’ या संकेतस्थळावरून सर्वांसाठी खुला केला. त्यामुळे स्टेप्सच्या नोंदी आता प्रयोगशाळेच्या भिंतींपुरत्या राहिलेल्या नाहीत. महाराष्ट्रातील अभ्यासकांना आणखी एक सोय अशी की ‘आदित्य’वरील सूर्याची अतिनील चित्रे घेणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेने तयार केली आहे. सौरज्वाला कोठे आणि केव्हा उफाळली हे एका उपकरणावरून, आणि तिचे कण कोणत्या वाटेने आले हे दुसऱ्यावरून, अशी एकाच यानावरील जोडणी त्यांना करता येते.

एल१ परिसरात स्टेप्स एकटे नाही. ‘विंड’ १९९४, ‘सोहो’ १९९५ आणि ‘एस’ १९९७ पासून अवकाशात आहेत. वयाच्या मानाने त्यांचे काम आश्चर्यकारक म्हटले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे ‘आयमॅप’ यानही त्याच बिंदूकडे रवाना झाले. युरोपच्या ‘सोलर ऑर्बिटर’वर ‘स्टेप’ याच नावाचा एक कणसंवेदक आहे आणि नामसाधर्म्यामुळे त्याची व आपल्या ‘स्टेप्स’ची गल्लत होते. तो सूर्याच्या बराच जवळ जाऊन मोजणी करतो. एकच कणवृष्टी सूर्याजवळ एकाने आणि एल१वर दुसऱ्याने पकडली, तर वाटेत तिचे काय झाले हे पडताळता येते.

सध्याच्या पंचविसाव्या सौरचक्राने कमाल टप्पा गाठल्याचे अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. कमाल टप्पा सरला म्हणजे धोका सरला, असे मात्र होत नाही. २००३ च्या ऑक्टोबरमधील वादळे त्या चक्राचा कळस उलटून गेल्यावर, उताराच्या काळात आली होती. ‘आदित्य’ची नियोजित कार्यमर्यादा पाच वर्षांची आहे, म्हणजे तिचा मोठा भाग नेमका या उतारात जाणार आहे.